तेलाचा लाल दिवा

कोल्हारच्या छगनची जीप धुरामुळं पासिंगला नापास झाली, तेव्हा त्याला वाटलं, आरटीओ साहेबांचाच काहीतरी गैरसमज झाला असावा. बहात्तर साल होतं. जीप जुनी खरी, पण वर्षापूर्वीच त्यानं इंजिन नव्यानं बांधून घेतलं होतं. नगरला साहेबांनी मागं उभं राहून गाडी रेझ करायला लावली आणि निळ्या धुरात तेच दिसेनासे झाले.

"धूर बंद करून आणा," ते खोकत म्हणाले. "आणि समोर तो लाल दिवा कशाला जळतोय?"

दिवा तेलाचा होता. इंजिनात तेल नीट फिरेनासं झालं की तो लागायचा. गावी येऊन छगननं तेल बदललं. सहादेव मिस्त्रीनं वायरी बदलल्या. दिवा काही विझेना.

"आता खालचं पोट उघडल्याबिगर विलाज न्हाई," सहादेव म्हणाला.

त्यानं इंजिनाखालचं तेलाचं चेंबर सोडलं. तेल ओढणाऱ्या जाळीवर करडा चिखल थापलेला. सहादेवनं तो बोटांत चोळला.

"राख हाय ही. रिंगा, बेरिंगं, समदं खरवडून खाल्लंय हिनं, म्हनून त्याल जळून धूर येतोय. कुनी वैरी हाय का तुमचा?"

छगन आठवू लागला. कोण असेल? जीप तर रोज त्याच्याच अंगणात उभी असायची. तेवढ्यात त्याला चिखलात बारीक काड्या दिसल्या. उदबत्तीच्या, अर्धवट जळालेल्या. तो तसाच घराकडं निघाला.

घरी त्याची आई, राहीबाई, सुपात बाजरी निवडत बसली होती.

"आई, जीपमदी अंगारा टाकलास?"

"टाकते की, दर शनवारी," ती सहज म्हणाली. "कानिफनाथाचा. आपला थोरला बन्सी ट्रकखाली गेल्यापास्नं माजा जीव टांगनीला हाय. अंगारा पोटात गेला तरच गुन येतो. तू जिथनं गाडीला त्याल पाजतोस, तिथनंच मी सोडते."

छगन तिच्यासमोर मटकन बसला. रागवायचं म्हणून आला होता. पण त्यानं हळूहळू सांगितलं. तेल अडलं होतं. चालत्या गाडीत इंजिन जाम झालं असतं. आत आठ-दहा प्रवासी असायचे.

राहीबाईचे हात सुपातच थांबले.

"म्हंजी बन्सीमागं तुलाबी मीच..."

ती तशीच उठली आणि त्याच्याबरोबर गॅरेजात आली. तो चिखल तिनं स्वतः हातात घेऊन पाहिला.

इंजिन पुन्हा बांधलं. जीप सुरू होताच दिवा विझला, धूरही गेला आणि पासिंग झालं. पण त्यानंतर कितीतरी दिवस राहीबाई देवापुढं बसली की अंगारा सोडलेला तो उजवा हात पदराखालीच ठेवायची.