राजवाड्याचा पडदा

साकोलीच्या बसस्टँडसमोर परसरामने रसाचं दुकान टाकलं, तेव्हा मी आधी त्याला शिव्या दिल्या आणि मग ब्रश उचलला. माझा क्रमच तो आहे. दुकान कसलं, सायकलवाला आणि पानठेला यांच्यामधली फट होती ती. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने पोट आत घ्यावं. रसाच्या दुकानात काय रंगवायचं हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एका भिंतीवर द्राक्षांचा घोस, दुसरीवर अननस, आणि जागा उरलीच तर धबधबा. मी तसेच डबे घेऊन गेलो होतो, हिरवा आणि पिवळा जास्त.

"फळं नाही काढायची, पेंटर," परसराम म्हणाला. "मले पडदे पाहिजेत."

"कायचे पडदे? दाराचे?"

"नाटकाचे. गुंडाळीचे. मागच्या भिंतीले तीन. जंगल, बाग अन् राजवाडा."

परसराम कोण ते सांगितल्याशिवाय हे खूळ कळायचं नाही. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव शंकरपट भरतात. दिवसा बैल पळतात, रात्री नाटक होतं. त्या नाटकांत परसराम राणी असायचा. तेव्हा बायका स्टेजवर येत नव्हत्या. याने त्या कामापायी मिशी ठेवली नाही, लग्नही केलं नाही. लुगडं नेसून तो चालायला लागला की गावच्या बायका आपापले पदर सारखे करायच्या. त्याचा राजा ठरलेला होता, श्यामराव. त्या दोघांच्या मागे लागायचा तो पडदा माझा. कितीतरी हिवाळे आम्ही तिघांनी असे एकत्र काढले.

मग मंडळांनी नागपूरहून नट्या आणायला सुरुवात केली. त्यात वाईट काही नाही. बाईचं काम बाईने करावं, हे मीही म्हणायचो. पण सांगायची काही रीत असते की नाही? एका गावच्या पटाला परसराम अर्धं तोंड रंगवून बसला होता, तेव्हा मंडळाचा माणूस आत आला आणि म्हणाला, "आज राणी बाई करनार आहे. तू पुसून घे." श्यामराव शेजारीच आरशात बघून मिशी चिकटवत होता. त्याने ऐकलं. मिशी नीट दाबून बसवली आणि उठून गेला. परसरामने खोबरेल तेलाने तोंड पुसलं आणि मिळेल त्या गाडीने साकोलीला आला. त्यानंतर त्याला नाटकाला कोणी बोलावलं नाही. श्यामराव मात्र अजून राजाच होता.

"राजवाडा तू सुंदर काढ," परसराम मला म्हणाला. "पण तो गुंडाळूनच ठेवीन. श्यामराव येईन त्या दिवशी सोडीन."

"तो कायले येते इथी?"

"पटाच्या गाड्या याच रस्त्यानं जातेत. एक दिवस उतरन. आत येऊन बसन."

मी डोकं हलवलं, पण काम मन लावून केलं. इतक्या लहान जागेत पडदा लावायचा म्हणजे कसब लागतं. राजवाड्याचे खांब मी मागे मागे बारीक होत नेले, त्यामुळे भिंत नाहीशी झाली आणि त्या फटीमागे मोठा दरबार उघडला. जंगलात नागझिऱ्याकडची सागाची झाडं आणि मधून नाला काढला. उन्हाळ्यात तो पडदा सोडला की गिऱ्हाइकाला गार वाटावं, अशी परसरामची कल्पना. बाजूच्या भिंती गडद निळ्या केल्या, वर लाल झालर लावली. पडद्यापुढे ओळीने खुर्च्या मांडल्या आणि मधोमध उंच पाठीची एक, जुन्या मंडळाच्या मोडीतून आणलेली, सिंहासनाची. रस काढायचं दांडीचं यंत्र दाराशी एका बाजूला. नाटकात प्रॉम्प्टर जिथे उभा राहतो, तिथे परसराम उभा.

भंडाऱ्यापासून देवरीपर्यंत असं दुकान नव्हतं. पहिल्या दिवशी लोकांनी तोंडभरून कौतुक केलं आणि रस बाहेर रस्त्यावर उभ्यानेच प्यायले.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग तहसिलातले भैय्याजी आत येऊन ऐटीत बसले. परसरामने बागेचा पडदा सोडला. भैय्याजींनी एक घोट घेतला आणि समोर पाहिलं. समोर बसस्टँड होतं आणि सगळं बसस्टँड त्यांच्याकडे पाहत होतं. एका कंडक्टरने टाळ्या वाजवल्या. भैय्याजींनी अर्धा पेला तसाच ठेवला आणि कामाची आठवण काढून निघून गेले. नंतर एक नवं जोडपं आलं. त्यातली नवरी पदर ओढून पडद्याकडे तोंड करून बसली, ती रसाला हात लावेना.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. खुर्च्यांची पाठ पडद्याला होती आणि तोंडं रस्त्याला. नाटकवाल्याला दुसरं सुचणार तरी काय? पडद्यासमोर बसलेल्या माणसाचं तोंड लोकांकडे असायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. पण मोसंबीचा रस प्यायला आलेल्या माणसाला साऱ्या गावाने पाहावं असं कशाला वाटेल?

"खुर्च्या फिरव," मी परसरामला म्हणालो. "लोकं पडदा पाहतीन. अन् तू यंत्र घेऊन पडद्यासमोर उभा राह्य."

तो पेला विसळत होता. विसळतच राहिला.

"मी पडद्यासमोर नाही येत, पेंटर."

"काहून?"

"बोलावल्याबिगर कोणी येते का पडद्यासमोर? तुले तं मालूम आहे."

मला मालूम होतं. प्रत्येक नाटकात ते ठरलेलं असायचं. राजा सिंहासनावर बसून हाक द्यायचा, "राणीसाहेब!" आणि मग विंगेतून परसराम यायचा. त्या हाकेवर तो इतकी वर्षं जगला होता आणि आता तिच्यासाठी दुकान बुडवायला निघाला होता. मी रागाने पाय आपटत निघून गेलो. दुसऱ्या दिवशी परत आलो, कारण मलाही दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं. मंडळं आता पडदेसुद्धा नागपूरहूनच आणत होती.

तो उन्हाळा वाईट गेला. ट्रकवाले बाहेर रस पीत, पेले पायरीवर ठेवून जात. भर दुपारी रस्ता ओस पडायचा. आत नाल्याचं चितारलेलं पाणी, रिकाम्या खुर्च्या, दाराशी परसराम आणि पायरीवर मी. बोलण्यासारखं आम्ही सगळं केव्हाच बोलून चुकलो होतो. तो रोज सिंहासन पुसायचा. त्याच्यावर बसलेलं कोणी मी पाहिलं नाही. मी एकदा टेकायला गेलो, तर म्हणाला, "तिकडच्या खुर्चीवर बस नं, गा." त्याचा आवाज इतका मऊ होता की मला भांडताही आलं नाही.

पुढच्या पटाच्या दिवसांत श्यामराव आला.

सानगडीच्या वाटेची जीप बसस्टँडसमोर थांबली. मागे पेट्या, बाजाची पेटी, बांबूंना गुंडाळलेले पडदे. पुढून मफलर गुंडाळलेला श्यामराव उतरला. जरा सुटला होता, पण चाल तीच.

"अरे परसराम! तू इथी?" त्याने परसरामला मिठी मारली. मिठी खरी होती, हे मी नाकारत नाही.

परसराम मिठीतून सुटला. तो आत गेला आणि त्याने दोरी सोडली. राजवाडा खाली आला. वर्षभराची धूळ झडली आणि खांबांचा सोनेरी रंग उघडा पडला. त्याने सिंहासन पुसलं, पुन्हा पुसलं, आणि दाराशी यंत्राजवळ येऊन उभा राहिला, अंग थोडं चोरून, विंगेत उभा राहायचा तसा.

"बसा, राजे," तो म्हणाला.

श्यामरावने राजवाडा पाहिला. सिंहासन पाहिलं. मग मान वळवून रस्ता पाहिला. बसस्टँडवरचे लोक हातातलं सोडून बघत होते.

"इथीच दे, गा. उभ्यानं पितो."

"आत बसा नं. तुमच्यासाठीच आहे."

"तोंडाले रंग नाही, परसराम. असा उघड्या तोंडानं कसा बसू? लोकं पाहून राहिले." तो ओशाळं हसला, रस्त्यावर उभा राहूनच रस प्यायला आणि परसरामच्या पाठीवर थाप मारली. "चांगलं सजवलं. धंद्याले लागला, बरं झालं. येतो मंग." जीपने हॉर्न दिला आणि राजा गेला.

जीप दिसेनाशी होईपर्यंत मी श्यामरावच्या सात पिढ्या उद्धारल्या. परसरामने त्याचा पेला धुतला, पालथा घातला आणि हात पुसले.

"पेंटर," तो म्हणाला, "खुर्च्या फिरव."

मी खुर्च्या फिरवल्या. यंत्र उचलून राजवाड्यासमोर ठेवलं. सिंहासन त्याने स्वतःच कोपऱ्यात नेलं आणि त्याच्यावर मोसंबीची टोपली ठेवली. मग तो पडद्यासमोर जाऊन उभा राहिला. कोणी हाक दिली नव्हती. मला ती द्यावीशी वाटली, पण माझी हाक त्याच्या काय कामाची!

त्यानंतर दुकान चाललं. माणसं आत यायची, राजवाडा बघत निवांत रस प्यायची आणि आणखी एक मागायची. मीही मागच्या खुर्चीवर बसू लागलो. खरं तर हेच पाहिजे होतं. पण परसराम दिवसेंदिवस कमी बोलायला लागला, आणि मला तिथे बसून पूर्वीच्या रिकाम्या दुपारींपेक्षा जास्त एकटं वाटायचं.

एकदा आसगावची एक म्हातारी सुनेसोबत आत आली, गाडीला उशीर होता म्हणून. पेला हातात घेऊन ती परसरामकडे बघतच राहिली, राजवाड्याकडे आणि पुन्हा त्याच्याकडे.

"तू नाटकातला नाही का गा? राणी वनवासाले निघते, ते काम करे, तोच नं?"

परसरामचा हात दांडीवर थांबला. मी पुढे सरकून बसलो. अखेर कोणीतरी ओळखलं होतं. 'हाव, मीच तो' एवढंच तर म्हणायचं होतं त्याला.

"नाही, माय," तो म्हणाला. "ते बाई होती."

"हाव नं," म्हातारी सुनेकडे वळून म्हणाली, "तेच तं मी म्हणतो. आम्ही खाली बसायच्या पट्टीवर बसून रडलो होतो तिच्यासंगं. मर्दाले कोठी तसं रडता येते?"

मी खरं सांगायला उठलोच होतो. परसरामने माझ्याकडे पाहिलं आणि मी परत बसलो. त्याने म्हातारीचा पेला पुन्हा काठोकाठ भरला. मी समोर बघत राहिलो, पण माझेच रंगवलेले खांब मला धड दिसेनात.