शहाण्णवाव्या पानानंतर

शनिवारी दुपारी तीनपर्यंत सहीसाठी पुढे आलेल्या ‘हिमरक्षक’ या कादंबरीच्या दुसऱ्या भागाच्या चव्वेचाळीस प्रतींपैकी एकतीस प्रती शहाण्णवाव्या पानापर्यंत मळलेल्या होत्या आणि सत्त्याण्णवाव्या पानापासून शेवटापर्यंत स्वच्छ होत्या.

कादंबरीची लेखिका कामशात हिने हा आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. चौतीस वर्षे तिने हिमनद्या मोजण्यात घालवली होती. बर्फ कापून पाहिला की त्यात धुळीच्या काळ्या रेघा दिसतात आणि त्यांवरून कोणता उन्हाळा कसा गेला ते कळते. मिटलेल्या पुस्तकाचेही तसेच असते. जेवढी पाने बोटांनी उलटली तेवढी कड करडी होते, न उलटलेली पांढरी राहते. वाचक तोंडाने काय सांगतो यापेक्षा त्याच्या प्रतीची कड काय सांगते यावर तिचा अधिक विश्वास होता.

कारागांदा शहरातल्या प्रदर्शनगृहात विज्ञानकथाप्रेमींचा मेळावा दरवर्षी ऑक्टोबरात भरत असे. कामशात यापूर्वी दोनदा आली होती, पण या खेपेस ती एक निर्णय घेण्यासाठी आली होती. प्रकाशनाला तिसरा भाग हवा होता आणि होकार की नकार ते तिने रविवारी संध्याकाळपर्यंत संपादक अस्खातला सांगायचे होते. तिचे वय अडुसष्ट होते. तिसऱ्या भागाला निदान तीन वर्षे लागणार. लोक जी गोष्ट अर्ध्यावर टाकून देतात, तिच्यावर उरलेल्या वर्षांतली तीन खर्चायची नाहीत, एवढे तिने घरून निघतानाच ठरवले होते.

अस्खात शेजारच्या खुर्चीवर बसून बाउर्साक खात होता. तळलेल्या कणकेचे ते गोळे त्याच्या आईने दोन किलो तरी करून पाठवले होते.

“आपाय, घोडा घेताना दात बघावेत तशा तुम्ही पुस्तकांच्या कडा बघताय,” तो म्हणाला; वडीलधाऱ्या बाईला तिथे आपाय म्हणत. “लोक चार-चार तास बसने आलेत. जरा हसा तरी.”

“शहाण्णव पानावर काय आहे?”

“तुम्ही लिहिलंय, तुम्हीच सांगा.”

तिने प्रत उघडली. हिमनदीवर पहारा देणारे यंत्र आणि ते घडवणारा म्हातारा तोक्सान यांची ती कथा होती. पंचाण्णवाव्या पानावर तोक्सान वादळात मरतो. त्याचे नातलग अकरा दिवसांच्या वाटेवर असतात, म्हणून यंत्र एकटेच त्याला पुरते आणि त्यानेच शिकवलेली अंत्यप्रार्थना संपूर्ण म्हणते. प्रार्थनेच्या अखेरच्या ओळीशी शहाण्णवावे पान आणि ते प्रकरण दोन्ही संपतात.

“मी म्हटलं होतं, म्हाताऱ्याला मारू नका,” अस्खात बाउर्साक चघळत म्हणाला. “लोकांचा जीव जडला होता त्याच्यावर. तो गेला, पुस्तक मिटलं. झालं.”

हे स्पष्टीकरण साधे होते, आणि साधे असल्यामुळेच तपासण्याजोगे होते.

पुढचा वाचक पुठ्ठा आणि फोम यांचे चिलखत घालून आला होता. छातीवर निळा दिवा, हातांत कोपरापर्यंतचे पंजे. हिमरक्षकाचा तो पोशाख त्याने स्वतःच बनवला होता. त्याचे नाव झान्दोस आणि तो दातांचा डॉक्टर होता, हे त्याने लगेच सांगितले. चिलखतातला माणूस कोण आहे हे कळलेले बरे, असे त्याचे म्हणणे होते. पिशवीतून पुस्तक काढण्याआधी त्याने दोन्ही पंजे उतरवले, त्याला बराच वेळ लागला आणि मागची रांग कुरकुरली.

“डॉक्टर, दात उपटायला एवढाच वेळ लावता का?” मागून कुणीतरी विचारले.

“तुमचा असेल तर जास्त लावीन,” झान्दोस वळूनही न पाहता म्हणाला.

त्याच्या प्रतीची कड शहाण्णवपर्यंत करडी होती आणि पुढे पांढरी.

“शेवट आवडला का?” कामशातने विचारले.

“आवडला? आपाय, शेवट आधीच सांगून टाकला म्हणून बायको तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. यंत्र स्वतःची वीज गावाला देऊन टाकतं, तिथे मी दवाखान्यात रडलो. पेशंटला वाटलं, त्याचाच दात बघून रडतोय.”

शेवट त्याला दुसऱ्या कुणीही सांगितला असू शकत होता. म्हणून तिने दुसरा प्रश्न विचारला. “तोक्सानच्या लाकडी चमच्यावर खाचा किती?”

ही गोष्ट पान दोनशे तीनवर, एकाच वाक्यात होती.

“नऊ,” झान्दोस म्हणाला. “पण यंत्र आठच मोजतं. एक खाच नाहीच, तडा आहे, असं त्याला वाटतं.” आणि तो इतका खूश झाला की छातीवरचा दिवा निखळून खाली पडला.

संध्याकाळपर्यंत तिने करड्या-पांढऱ्या कडेच्या आणखी बारा वाचकांना तोच प्रश्न केला. अकरा जणांनी बरोबर उत्तर दिले. बारावा म्हणाला की त्याला आकडे लक्षात राहत नाहीत, पण चमचा जुनिपरच्या लाकडाचा होता. तेही बरोबर होते. म्हणजे त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचले होते. “पुढचं फोनवर वाचलंत का?” असे विचारल्यावर दोघांनी तिच्याकडे दुखावल्यासारखे पाहिले. पुढचा कागद वेगळा असेल म्हणून तिने तो बोटांनी चाचपला. सर्वत्र एकच होता. पहिल्या भागाच्या जुन्या प्रती आल्या, त्यांच्या कडा आरंभापासून अखेरपर्यंत सारख्याच मळल्या होत्या.

तोक्सानच्या मरणाचे स्पष्टीकरण खोडावे लागले. त्याच्या जागी लिहायला काही नव्हते.

“वाचलंय ना लोकांनी? मग आता हो म्हणा की,” अस्खात म्हणाला.

“वाचलं असतं तर पानं मळली असती. मळली नाहीत. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतील, तर मला काहीतरी कळलेलं नाही. न कळता मी हो म्हणत नाही.”

“आपाय, लग्नाच्या वेळीही असंच केलं होतंत का?”

“म्हणून तर एकदाच केलं.”

रविवारी सकाळी रांगेत पन्नाशीची एक धिप्पाड बाई उभी होती. नाव तुर्सिनाय, तेमिरताऊमध्ये ट्राम चालवत असे. तिने पुस्तक पांढऱ्या रुमालात गुंडाळून छातीशी धरले होते. टेबलापाशी येताच तिने कामशातचा चहाचा पेला उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, बाउर्साकांची थाळी अस्खातच्या मांडीवर सरकवली आणि मगच रुमाल सोडला.

“आपाय, राग मानू नका,” ती म्हणाली, “हात धुतलेत ना?”

अस्खातला ठसका लागला.

“बाउर्साक खाल्ला,” कामशात म्हणाली. “का?”

“मग धुऊन या. मी थांबते. माझी ड्यूटी दुपारी आहे.”

मागून कुणी हसले, तशी तुर्सिनाय गरकन वळली. “हसायला काय झालं? ट्राममध्ये असतास तर उतरवलं असतं!”

कामशात उठली नाही. तिने पुस्तकाची कड पाहिली. करडी, आणि शहाण्णवानंतर पांढरी.

“आधी मला सांग, पहिली शहाण्णव पानं तू कुठे वाचलीस?”

“कुठे म्हणजे? डेपोत. जेवताना, चहा पिताना. हे बघा, चौतीस पानावर मांसाचा रस्सा सांडलाय. लाज वाटते आता.” तिने ते पान दाखवले आणि घाईने मिटले. “मला काय ठाऊक, पुढे प्रार्थना आहे म्हणून? यंत्र म्हणायला लागलं आणि माझ्या हातातला पाव तसाच राहिला. तीच प्रार्थना, माझ्या वडिलांवर म्हटली होती ती. एक शब्द गाळलेला नाही! ज्या पुस्तकात ती आहे, ते तेलकट हातांनी कसं धरायचं? उठले, हात धुतले. त्या दिवसापासून पुस्तक वरच्या फळीवर. जेवणाच्या टेबलाशी नाही, अंथरुणात नाही. हात धुवायचे, पुसायचे, मग वाचायचं.”

“पण अक्षरं तर अरबी नाहीत, आपलीच आहेत. साधी छापील.”

“अक्षरं आपली असली तरी शब्द तेच ना?” तुर्सिनाय लहान मुलाला समजवावे तशी म्हणाली. “तुम्ही लिहिताना हात धुतले नव्हते?”

कामशातने लिहिताना हात धुतले नव्हते. ती कुठलीच प्रार्थना म्हणत नसे. प्रार्थना तिने आजीच्या वहीतून उतरवून घेतली होती आणि ती पूर्ण दिली, याचे कारण एवढेच की अर्धवट दिलेली नोंद तिला आयुष्यभर खोटी वाटत आली होती. छापून आल्यावर तिने ते पान पुन्हा पाहिलेही नव्हते.

पण एका बाईचे सांगणे ही एकच नोंद होय. कामशात हात धुऊन आली, तुर्सिनायच्या प्रतीवर सही केली, आणि दिवसभर वाचकांना चमच्याऐवजी शहाण्णवाव्या पानाबद्दल विचारत राहिली. करड्या-पांढऱ्या कडेच्या बावीस प्रती आल्या. एकोणीस जणांनी तुर्सिनायचेच सांगणे आपापल्या शब्दांत सांगितले. दोघांच्या घरी आईने पुस्तक हातातून काढून घेऊन वर ठेवले होते. एक नुसताच लाजून हसला. शेवटापर्यंत मळलेल्या प्रती चार होत्या. त्यांपैकी तिघांनी प्रार्थना न वाचता पान उलटले होते आणि चौथा, एक रशियन इंजिनियर, ती म्हणजे यंत्राची संकेतभाषा असावी असे समजला होता. झान्दोस दुसऱ्या दिवशीही चिलखतातच आला होता. तिने त्याला लांबूनच हाक मारली.

“डॉक्टर, काल पुस्तक काढायच्या आधी पंजे का उतरवलेत?”

“फोमला डिंक लागलेला असतो, आपाय. आणि…” त्याने आवाज खाली आणला. “आत ती प्रार्थना आहे ना.”

पाचच्या सुमारास टेबले उचलायला सुरुवात झाली. अस्खातने रिकामी थाळी पिशवीत घातली आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

“काय सांगू प्रकाशनाच्या साहेबांना?”

“तीन वर्षं लागतील म्हणून सांग. मध्ये फोन करून ‘किती झालं’ विचारायचं नाही.”

“म्हणजे हो?”

“तीन वर्षं लागतील असं मी नकार देताना सांगेन का?”

तो उठला आणि त्याने तिला मिठीच मारली. तिने त्याला बाजूला केले. त्याचे हात अजून तेलकट होते आणि वही उघडी होती. मग शनिवारी ओढलेल्या रेघेखाली तिने लिहिले: पुस्तक कुणी सोडलेले नाही. शहाण्णवाव्या पानावर प्रार्थना संपूर्ण छापली आहे. ती वाचल्यावर वाचक उरलेले पुस्तक हात धुऊन वाचतात, म्हणून पुढची पाने स्वच्छ राहतात.