कॉलरच्या आतले तीन टाके

वादळ जाऊन चार दिवस झाले तरी आमची गल्ली झोपेत चालल्यासारखी वागत होती. लॉन्ड्रीच्या दारात एक होडी येऊन बसली होती. लोक तिला वळसा घालून असे जात, जणू ती जन्मापासून तिथंच आहे. माझ्या धुण्याच्या टाकीत बोटाएवढे मासे फिरत होते. आरशावर मीठ साचलं होतं. गावाचे कपडे झाडांवर, तारांवर, शाळेच्या छपरावर लटकत होते, आणि मी ते काठीनं एकेक काढत होते. गाव बुडवून समुद्र मात्र आता चोरपावलांनी येत-जात होता. मेला साळसूद!

माझा धाकटा भाऊ अजून परतला नव्हता. होडी बांधून येतो म्हणून गेलेला. पण तो मुलखाचा आळशी, खाडीपलीकडे कुठल्यातरी निवाऱ्यात ताणून दिली असेल, असं मी सगळ्यांना सांगत होते. स्वतःलाही.

दुपारी हवालदार आला. त्याच्यामागे होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकची आई, साऱ्या गल्लीची मावशी. तिचा मुलगाही वादळापासून बेपत्ता. हवालदारानं पिशवीतून निळा शर्ट काढला.

"खाडीच्या तोंडाशी एकजण सापडला. चेहऱ्यावरून काही कळत नाही. अंगात हा होता. खूण तुमचीच ना?"

कॉलरच्या आत लाल दोऱ्याचे तीन टाके. प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण मी स्वतः घालते. बावीस वर्षांत एक रुमालसुद्धा चुकीच्या घरी गेला नाही, ही माझी बढाई. तीन लाल टाके म्हणजे मेकॅनिक.

"त्याचाच," मी म्हटलं.

मावशी रडली नाही. शर्ट मांडीवर घेऊन ती हळूहळू बाह्या सरळ करत बसली.

त्या लांबलचक बाह्या पाहिल्या आणि मला ती सकाळ आठवली. वादळाच्या सकाळी वीज गेली होती, गठ्ठ्यांची सरमिसळ झाली होती. धाकटा चिंब होऊन आला. हाताला लागला तो कोरडा शर्ट मी त्याच्या अंगावर फेकला.

"ताई, यात माझे हात शोधायला माणूस लावावा लागेल," तो हसला.

"घाल गुपचूप. समुद्रावर कोण बघतंय तुला!"

तो वळून जाताना ओळखलं, शर्ट मेकॅनिकचा. हाक मारली नाही. उद्या परत घेऊ, कुणाला कळतंय?

आत्ताही कुणाला कळणार नव्हतं. मी गप्प राहिले असते तर धाकटा त्या निवाऱ्यात झोपलेलाच राहिला असता, माझ्यापुरता, वर्षानुवर्षं. आणि मावशीनं त्याला आपला म्हणून निरोप दिला असता.

"मावशी," मी म्हटलं, "शर्ट तुमच्या मुलाचा आहे, पण त्याच्या अंगात नव्हता. मी तो चुकून दुसऱ्याला दिला."

"कुणाला?"

"माझ्या भावाला."

हवालदारानं टोपी काढली. मावशीच्या चेहऱ्यावर आनंद आला. तिनं घाईघाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, पण तो बोटांच्या फटींतून दिसतच होता. क्षणभर मला तिचा भयंकर राग आला. मग तोही ओसरला.

"लपवू नका, मावशी," मी तिचे हात खाली घेतले. "आता वाट बघायची ती तुम्ही एकटीनंच."