चुका काढणे

सून लष्कराच्या भाकऱ्या भाजायची, असं सगळं घर म्हणे. स्वेटरचे टाके मोजून देणारा एक प्रोग्राम तिने लिहून जगाला फुकट वाटला होता, आणि कुठकुठले अनोळखी लोक हौसेने त्यात भर घालत. त्यांचं ऋण मानायला तिने आणखी एक छोटा प्रोग्राम रचला. काळ्या पडद्यावर 'आभार', मग नाव, मग कामाचा प्रकार टाइप केला, की ते नाव स्वेटरच्या प्रोग्रामच्या जाहीर माहितीच्या पानावर आपोआप जाऊन बसे. प्रकार मोजकेच: कोड, चित्रं, भाषांतर, चुका काढणे. या धंद्यात चुका काढणारा म्हणजे देवमाणूस.

सासूबाई त्याच प्रोग्रामवरून विणायच्या. "अगं, डावी बाही हत्तीची झालीय आणि उजवी मुंगीची!" अशी तोफ डागली, की सून मुकाट कोड दुरुस्त करायची. एका दुपारी तिने मोठ्या प्रेमाने टाइप केलं: आभार, सासूबाई, चुका काढणे.

संध्याकाळी नणंदेचा फोन. हसून हसून तिची मुरकुंडी वळलेली. "आई, तुझी कीर्ती जगभर पोचली! वहिनीनेच छापलंय, सासूबाई, चुका काढणे!"

झालं. सासूबाईंनी तोंडाला कुलूप लावलं. सुया, लोकर पिशवीत गेली. खारट भाजी त्यांनी निमूट गिळली, बिनसाखरेच्या चहाला 'छान' म्हणाल्या. ज्या टोमण्यांना सून इतकी वर्षं वैतागली होती, त्यांच्यावाचून घर खायला उठलं.

शेवटी तिने ते पान उघडून लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

"आई, बघा तरी. या डॉक्टरीणबाई. यांच्यापुढे काय लिहिलंय?"

"चुका काढणे," सासूबाई पुटपुटल्या.

"आणि या प्राध्यापकांपुढे?"

"तेच."

"आमच्यात ही पदवी असते, आई. तरी नको असेल तर आत्ता पुसते."

सासूबाईंनी चष्मा चढवला. पान वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. कपाळावर ओळखीची आठी उमटली आणि सुनेचा जीव भांड्यात पडला.

"चुकलंय."

"काय?"

"साऱ्या गावाचे आभार मानलेस. तुझं नाव कुठाय?"

सुनेला हे कधी सुचलंच नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"राहूनच गेलं. कुठल्या प्रकारात घालू?"

"नवा प्रकार कर," सासूबाईंनी पिशवीतून सुया काढल्या. "लिही, चुका करणे. तू केल्यास म्हणून मला काढता आल्या."