परीच्या वाटणीचं पाणी

मित्रांनो, कळंब्यातल्या एका अंगणात, करंजाच्या सावलीत मी पडून आहे. मी एक जुनी दगडी डोण, गुरांना पाणी पाजायची. पाथरवटाने मला घडवले तेव्हा माझ्या कडा चांगल्याच बोचऱ्या होत्या. गुरांनी माना घासून घासून त्या गुळगुळीत केल्या.

त्यांत माझी लाडकी हरणी. पांढरी, काटक खिलार गाय. दूध बेताचेच, पण तोरा केवढा! वैशाखात कुत्रीसुद्धा सावली धरून पडत, तेव्हा ही भर उन्हात डोळे अर्धवट मिटून रवंथ करी. तिच्या आखूड पांढऱ्या केसांवरून ऊन परतून जाई. पातळ कातडीला घाम फुटे, मानेखालच्या लोंबत्या पोळीला वारा लागे आणि तिचे अंग निवे.

१९९६च्या हिवाळ्यात घरच्या चिमणाबाईंच्या मुलाने, बाळासोने, काळी-पांढरी संकरित गाय आणली. चिमणाबाईंनी तिचे नाव परी ठेवले. भरपूर दुधाची आणि स्वभावाने गरीब. तिच्यासाठी विटांच्या भिंतींचा, वर पत्रे घातलेला नवा गोठा उभा राहिला. ती मला एका दमात रिकामी करी आणि मला धन्य वाटे.

मग वैशाख आला. परी जीभ बाहेर काढून धापा टाकू लागली.

"हरणी उन्हात उभी ऱ्हाती की! हिलाच काय झालंय?" चिमणाबाईंनी विचारले.

"आई, हिचं मूळ थंड मुलखातलं हाय. त्यात दुधाची गाय, आतनं बी तापती," बाळासो म्हणाला. "राजारामपुरीतनं औषध घिऊन येतो. तवर जप हिला."

चिमणाबाईंनी जीव लावून जपले. माझ्यात गोणपाटे बुडवून त्यांनी परीच्या पाठीवर पांघरली. झळ लागू नये म्हणून दार ओढून बाहेरून कडी घातली. ओले गोणपाट वाऱ्यावर गारवा देते. कोंडलेल्या पत्र्याखाली त्याचीच वाफ होते. हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. करंजाची सावली तर समोरच होती.

बराच वेळ आतून धाप ऐकू येत होती. मग ती थांबली.

"लागला वाटतं डोळा माझ्या बाईचा," चिमणाबाई हळूच म्हणाल्या आणि पाय न वाजवता घरात गेल्या.

बाळासोने येऊन कडी काढली, तेव्हा आतून गरम वाफेचा लोट आला. परी गेली होती. हरणीने त्या संध्याकाळी माझ्यात तोंड घातले नाही.

पुढे हरणीही म्हातारी होऊन गेली. गोठा पाडला. तरी वैशाखातल्या दुपारी चिमणाबाई कळशी आणून मला काठोकाठ भरतात. वारा पडलेला असतो, करंजाचे पान हलत नाही आणि माझ्यातले पाणी मात्र थरथरते, कोणीतरी त्यावर धापा टाकाव्यात तसे. मी दगड आहे मित्रांनो, तरी मला भीती वाटते.

जनावर कुठल्याही मुलखाचे आणा, पण त्याचे अंग कुठल्या हवेत घडले ते आधी विचारा. त्याला सावली द्या, पाणी द्या आणि त्याचा वारा अडवू नका. नुसत्या मायेने भागत नाही.

"बाळासो, धाप ऐकू येतीया न्हवं? दार उघड आदी!" चिमणाबाई कळशी ठेवून म्हणतात.

पूर्वी तो समजावायचा, आई, गोठा न्हाय आता. हल्ली समजावत नाही. "व्हय आई, उघडतो," म्हणतो आणि जिथे दार होते तिथे जाऊन रिकाम्या हवेतली कडी काढतो.