बारावी खुर्ची

प्रशिक्षणाच्या खोलीत बारा खुर्च्या होत्या आणि विद्यापीठातले आम्ही अकरा कर्मचारी. कोपऱ्यातल्या बाराव्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

माझ्या विभागातल्या ताईंना हे प्रशिक्षण हवं होतं. त्याशिवाय बढती नव्हती, आणि निवृत्ती तोंडावर आली होती. पण दरवेळी साहेब म्हणायचे, "तुम्ही गेलात तर विद्यार्थ्यांची खिडकी कोण सांभाळणार?" आजही त्या खिडकीवरच होत्या.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी साहेबांना गाठलं. "सर, एक जागा आहे. ताईंना बोलावू?"

"जागा नाही," ते हळूच म्हणाले. "ती खिडकीवरच्या आधीच्या बाईंची आहे. त्यांनाही मी असंच थांबवत राहिलो. खिडकीवर बसल्या बसल्याच गेल्या बिचाऱ्या. तेव्हापासून एकही प्रशिक्षण चुकवत नाहीत."

"काहीतरीच काय, सर."

"मग बसून बघ. विज्ञान शिकलीस ना?"

विज्ञान शिकले होते, म्हणून बसले नाही. प्रयोगशाळेतून, नुसतं रोखलं की तापमान दाखवणारं यंत्र मागून आणलं. माणूस बसलेला असला की खुर्ची तापते; ही रिकामी आहे हे आकड्यांत दाखवलं की साहेबांना ताईंना नाही म्हणता येणार नव्हतं.

एव्हाना सगळ्यांना उठून तास होत आला होता. मी एकेका खुर्चीवर यंत्र रोखत गेले. अकरा खुर्च्या खोलीइतक्याच, चोवीस अंशांवर होत्या.

बारावी चौतीस.