कर्दम म्हणतो, हलू नका

रुंद चौकट. लकडगंजच्या बाजूचं प्रदर्शनाचं मैदान, मे महिना. पत्र्याच्या शेडमध्ये भिंतभर काच. काचेमागे पाणी, मासे, थर्माकोलचा राजवाडा. हे नीलतळ, समुद्राखालचं राज्य. समोर सतरंजीवर बसलेली पोरं म्हणजे त्याची प्रजा. आईबाप मागे उभे, मोबाइल वर धरून.

लहान चौकट. पडद्यामागे अंकुश. अंगात काळं रबर, तोंडावर मुखवटा. दाराशी विकायला ठेवलेल्या कॉमिकमधला खलनायक कर्दम तो रोज होतो. आज त्याची मुलगी चिन्मयीही आली आहे. सहा वर्षांची. पहिल्या रांगेत, काचेला सगळ्यांत जवळ.

दोन संवादफुगे, पहिला अंकुशचा.

"भैयाजी, कोपऱ्यातून पाणी झिरपून राहिलं."

"घाम आहे गा तो. नागपुरात मे महिन्यात काचेलेही घाम येते."

भैयाजी मालक आहेत. ते तिकीट खिडकीकडे निघून जातात.

चौकट. स्पीकरमधून नीलतळच्या राणीचा रेकॉर्ड केलेला आवाज: "प्रजाजनहो, कर्दम येतोय, तुम्हाला फसवायला. तो सांगेल त्याच्या नेमकं उलट करा." पोरांना हे पाठ आहे. काहींची तिसरी-चौथी खेप.

कर्दम माइक घेऊन कडेच्या खडकावर चढतो. "नीलतळच्या लोकांनो, मी तुमचा मित्र."

"खोटं!"

"राजवाड्याचं दार उघडा."

"खोटं!"

मोठ्या अक्षरांत, चौकटीची कड फोडून:

टक्.

अंकुशला दिसतं. कोपऱ्यातून एक पांढरी रेघ निघाली आहे. केसाएवढी. ती वर चालली आहे. खाली सतरंजीची कड काळी पडते आहे, ओली.

"शो बंद. काच फुटून राहिली. सगळे बाहेर चला."

"खोटं!"

"नाटक नाही हे. खरंच सांगून राहिलो."

"आम्हाले येडं समजते का बे, कर्दम्या?" एक पोरगा ओरडतो आणि मुद्दाम काचेकडे सरकतो. बाकीचेही सरकतात. मागून कोणाची तरी आई कौतुकानं म्हणते, "ॲक्टिंग मस्त करते वं हा."

सगळ्या पोरांत एकटी चिन्मयी उभी राहिली आहे. शेजारची मुलगी तिचा फ्रॉक ओढते. "बस वं. तो फसवून राहिला."

चौकट, फक्त हात. मुखवट्याची चेन मानेवर, मागे. ती एकट्याला उघडत नाही. बोटं रबरावरून घसरतात.

टक्. टक्.

रेघेला फांद्या फुटतात.

मग अंकुश खलनायकाचं हसू हसतो. "शाबास. आता कोणीही हलू नका. इथंच बसा. त्या बाहेरच्या दाराकडे कोणी गेलं तर कर्दमचं राज्य संपेल."

पोरं उठतात. किंचाळत, खिदळत, दाराकडे. कर्दम हरला. आईबाप चपला हातात घेऊन त्यांच्या मागे.

चौकट रिकामी होत जाते. सतरंजी. एक पाण्याची बाटली. एक

चिन्मयी.

मांडी घालून. ती बसली आहे, कारण बाबानं बसायला सांगितलं.

अंकुश खडकावरून उडी मारतो. "चिनू, ऊठ."

"तूच म्हणला ना, हलू नका म्हणून."

"आता ऊठ म्हणून राहिलो."

ती मुखवट्याकडे बघते. डोळ्यांच्या भोकांत काही ओळखीचं आहे का ते शोधते. "हे कोण बोलून राहिलं? बाबा का कर्दम?"

तो तिला उचलतो.





ही चौकट काढता येत नाही. तिच्यात फक्त पाणी आहे.

चौकटीबाहेर. मैदानात मासे तडफडत आहेत. लोक चित्रीकरण करत आहेत. कोणाला काही झालेलं नाही, चिन्मयीलाही नाही, हनुवटीवर ओरखडा तेवढा. भैयाजी विचारत फिरताहेत, पोरं सगळी बाहेर आली का गा, सगळी आली का.

त्यानंतरचे दिवस. चौकटी नाहीत.

अंकुश घरी म्हणतो, जेव. म्हणतो, रस्ता मोकळा आहे, चल. म्हणतो, कुत्रा चावत नाही.

चिन्मयी आधी आईकडे बघते. सरितानं मान हलवली, तरच पाऊल उचलते.